अर्ध्या पोत्याचा हंगाम

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले की पाथरीच्या रस्त्याचं अर्धं डांबर सोयाबीनखाली जातं. मी रोज परभणीहून एसटीनं पाथरीला शिकवायला जाते, त्यामुळे हे मला कॅलेंडरच्या आधी कळतं. एका बाजूला पिवळे दाणे वाळत घातलेले, त्यांच्या कडेनं दगडांची रांग, आणि त्या दगडांना मान देऊन गाडी पलीकडून घेणारा ड्रायव्हर. मळणीयंत्राचं भुसकट खिडकीतून आत येतं. शेजारची बाई नाकाला पदर लावते. मला शिंका सुरू होतात, एकीमागं एक सात-आठ, आणि शिंकता शिंकता मला हसू येतं.

परवा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, खिडकी लावून घ्या की. लय धूळ यायलीय."

म्हटलं, "राहू द्या. माहेरचा वास हाय."

त्याला वाटलं, मॅडम शेतकऱ्याच्या घरच्या. मी सांगितलं, नाही, माझं माहेर मोंढ्यातलं. धान्याच्या बाजारातलं. पण आडत्याच्या गादीवरचं नव्हे, हमालाच्या पाठीवरचं. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात तीस वर्षं पोती वाहत होते, आणि मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. घरातलीच काय, हमालांच्या दोन्ही गल्ल्यांतली पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सांगायला आवडतं.

सोयाबीनचा वास कसा असतो, हे मला नीट सांगता येत नाही. थोडा मातीचा, थोडा तेलाचा, थोडा उन्हात तापलेल्या गोणपाटाचा. गव्हाचा वास शांत असतो, तुरीचा खमंग. सोयाबीनचा वास अंगाला खाज आणतो. त्या दिवसांत आमच्या घरी कपडे दोनदा झटकायचे, मगच वाळत घालायचे. दादा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी दारात उभे राहून डोक्याचा रुमाल झटकायचे, तेव्हा त्यातून दाणे पडायचे आणि आमच्या कोंबड्या तेवढ्यासाठी त्यांची वाट बघायच्या. माय म्हणायची, "ह्या घरात तुमची वाट लेकरांपेक्षा कोंबड्याच जास्त बघायल्यात."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचा एक हंगाम माझ्या मनात असा पसरून राहिला आहे. गोळा करायला जावं तर एखादा दाणा कुठं तरी फटीत राहतोच.

हमालाचं तोंड कामावर असताना दिसत नाही. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण आम्हा पोरींना पाठ होतं. क्विंटलभराचं पोतं दोघांनी झुलवून तिसऱ्याच्या पाठीवर टाकलं की तो तिसरा कमरेत वाकतो, आणि मग मोंढाभर पोत्यांना पाय फुटल्यासारखे दिसतात. डबा घेऊन गेलं की आम्ही पाय ओळखायचो. माझ्या दादांच्या डाव्या पायाची करंगळी वर उचललेली, जशी काही ती एकटीच रुसून बसलेली. बशीरचाचांच्या पायात बारा महिने निळी रबरी चप्पल. लिंबामामांचे पाय रुंद, फताडे, मेंढरांमागं हिंडून तसे झालेले. मोठेपणी कॉलेजात एका मैत्रिणीनं विचारलं, तुझे वडील कसे दिसतात, तर मला आधी करंगळी आठवली.

लिंबामामा माझे सख्खे मामा नव्हते. ते अख्ख्या मोंढ्याचे मामा. नाव लिंबाजी, गाव पेडगाव. घरची मेंढरं विकली गेली तसे मिसरूड फुटायच्या वयात परभणीला आले आणि मोंढ्याच्या फाटकातून आत शिरले ते कायमचे. अंगानं असे, की नव्या आडत्याला वाटायचं, ह्या माणसाला पोतं चढवायला दोघे कशाला लागतात. आणि हमालांची युनियन त्यांनी काढली. तीसुद्धा कुणी पुढारी येऊन सांगून गेला म्हणून नव्हे. एकदा ट्रकाला लावलेली फळी सरकली आणि एक हमाल पोत्यासकट खाली आला. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत मुनीम बाहेर येऊन म्हणाला, "दुसरा कोन हाय?" बस, एवढंच म्हणाला. लिंबामामा रिकाम्या बारदान्याच्या ढिगावर जाऊन बसले. म्हणाले, "दुसरा कोनी न्हाई." मग बशीरचाचा त्यांच्या शेजारी बसले. मग माझे दादा. दुपारपर्यंत मोंढ्यातल्या लिंबाखाली एवढी माणसं बसली, की त्या दिवसापासून लोक गमतीनं म्हणायचे, लिंबाजीची युनियन लिंबाखाली झाली.

मामांची शाळा चौथीत सुटली होती. पण कायदा त्यांना ऐकून पाठ. मी अकरावीत गेल्यावर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. ते यायचे, दारातल्या दगडावर बसायचे आणि म्हणायचे, "वाच, माय." मी वाचायची. "पुन्यांदा वाच. हळू वाच, मी चालत असतो." कायद्याचं मराठी असं, की मलाही दोनदा वाचल्याशिवाय कळत नसे. त्यांना मात्र तिसऱ्यांदा ते कलम कुठं वळतं आणि कुठं लपतं हे कळून जायचं. युनियनचे सगळे अर्ज माझ्या अक्षरातले. ते सांगायचे, मी लिहायची.

एकदा मी शाळेत शिकवल्याप्रमाणं 'नम्र विनंती' असं लिहिलं.

"नम्र काढ," मामा म्हणाले.

"मामा, अर्जात तसं लिहितात."

"लिहित असतील. वाकायचं काम आपुन पोत्याखाली करतो, कागदावर न्हाई. इनंती पुरे."

आजही मी माझ्या कॉलेजच्या कुठल्याच अर्जात 'नम्र' लिहीत नाही. प्राचार्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं पद्धत नाही.

मामांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं एकाच मागणीत गेली: पोतं अर्धं करा. क्विंटलचं पोतं बंद, पन्नास किलोचा कट्टा सुरू. किती अर्ज, किती बैठका, किती वेळा लिंबाखाली बसणं. आडते म्हणायचे, बारदाना दुप्पट लागेल, वेळ दुप्पट लागेल. आडत्यांचे मुखत्यार म्हणजे विश्वनाथआप्पा. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, आवाज असा, की बीट सुरू असताना त्यांची बोली फाटकापर्यंत ऐकू यायची. बीट म्हणजे मोंढ्यातला लिलाव. आप्पा माणूस वाईट नव्हते. मामांशी भांडण झालं की चहा मात्र आपल्याच गादीवर पाजायचे. अखेर त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बैठकीत ते म्हणाले, "घ्या कट्टा. पर पाडव्यापर्यंत बघू. चाललं तर पुढं चालवू. हमालांलाच नको असंल तर आमी कशाला हट्ट धरावा?"

म्हणजे कट्टा मिळाला, पण दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. त्या दिवशी आमच्या घरात गोड केलं होतं. कारण दादांच्या कमरेतला एक मणका त्या उन्हाळ्यात सरकला होता, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पन्नासच्या वर उचललंत तर मला दाखवायला येऊ नका." कट्टा राहिला तर दादा कामावर राहणार होते आणि मी कॉलेजात. कट्टा गेला तर दादा बाजेवर आणि मी कुठल्याशा कापडाच्या दुकानात. हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण माय रोज पंचांग बघितल्यासारखी विचारायची, "पाडवा किती दिस राह्यला?"

कट्ट्याच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम तास बुडवून मोंढ्यात गेले. पन्नास किलोचं ओझं पाठीवर नाही, खांद्यावर घेता येतं. मान वर राहते. मी फाटकातून आत आले आणि समोरून माझे दादा कट्टा घेऊन येत होते, आणि मला त्यांचं तोंड दिसत होतं. काम करतानाचं तोंड. मिशीवर भुसकट, कपाळावर घाम, आणि ओठ हलताहेत. गुणगुणत होते! माझ्या वडलांना कामावर गुणगुणायची सवय आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. आधीही गुणगुणत असतील, पण पोत्याखालून कुणाला ऐकू येणार?

त्यांनी मला पाहिलं आणि उगीच रुबाबात म्हणाले, "काय गं, कालेज न्हाई का आज?"

"हाय की. तुमचं तोंड बघायला आले."

"बघ की मंग. फुकट हाय."

आणि पुढं काय व्हावं? चौथ्या दिवशी बशीरचाचांनी एकदम दोन कट्टे उचलले.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणाची जबरदस्ती नव्हती. एक कट्टा खांद्यावर घेऊन ते निम्म्या वाटेपर्यंत गेले, थांबले, परत आले आणि चढवणाऱ्यांना म्हणाले, "और एक डालो. एक तो मेरी बहू उठाती रे." लोक हसले. मग दुसऱ्यानं दोन उचलले. मग त्या दोघांनी उचलले म्हणून तिसऱ्यानं. वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या पाठीनं क्विंटल वाहिलाय, त्याला अर्ध्या ओझ्यानं चालताना लाज वाटते, हे कुठल्या कायद्यात लिहिणार? पिशवी घरी विसरून बाजाराला निघाल्यासारखं त्यांना वाटत होतं. शिवाय मस्ती. आठवड्यात सगळा मोंढा दोन-दोन कट्टे वाहायला लागला. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं बसले, ती मिळाली, आणि मिळाल्यावर आमच्या माणसांनी तिची दुप्पट करून पुन्हा क्विंटल केली! जगात कुठल्या कामगारांनी असं केलं असेल का, मला ठाऊक नाही. आमच्यांनी केलं.

बरं, दोन कट्टे म्हणजे क्विंटलपेक्षा वाईट. क्विंटलचं पोतं एका जिवाचं, पाठीला धरून बसतं. दोन कट्टे म्हणजे एका खाटेवर झोपवलेले दोन भाऊ. एक इकडं सरकतो, दुसरा तिकडं.

त्या दिवसांत एकदा मी डबा घेऊन गेले आणि मला पुन्हा नुसते पाय दिसले. रुसलेली करंगळी.

मी आडवी गेले. "दादा!"

पोत्यांखालून आवाज आला, "कोन हाय?"

"मी हाय. खाली ठेवा ते."

"दुकान आलंच हाय, जराक..."

"डाक्टर काय म्हनले होते?"

"डाक्टर पन्नास म्हनला होता. दोन येळा पन्नासच हायत की हे."

मी कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचा इथं काही उपयोग झाला नाही. मी रडायला लागले तेव्हा त्यांनी कट्टे ठेवले. कमरेवर हात टेकून हळूहळू सरळ झाले, आणि इकडंतिकडं बघून बारीक आवाजात म्हणाले, "समदे उचलायलेत, माय. मी एकलाच एक घेऊन फिरलो तर म्हनतील, ह्याचं संपलं."

लिंबामामांचा संताप त्या पंधरवड्यात मोंढ्यानं पाहिला. लिंबाखाली सभा घेतली. दोन कट्टे उचलणाऱ्याला मारुतीच्या देवळात पाच नारळांचा जुर्माना लावला. तर माणसं हसत हसत नारळ फोडायची आणि प्रसाद खाऊन पुन्हा दोन उचलायची. देवळाचा पुजारी खूश. आप्पा गादीवर बसून मामांना हाक मारायचे, "लिंबाजी, चहा घ्या. तुमची मानसं कट्ट्यावर लय खूश दिसायलीत. एकाला दोन घ्यायलीत!" मामा चहा घ्यायचे, पण बशीत ओतलेला चहा तसाच निवायचा.

आणि मामांनी फारच धरलं की हमालांकडं एक उत्तर तयार असायचं. "मामा, तुमी तर दोन क्विंटल उचलले होते की. आमी दोन कट्टे उचलले तर काय झालं?"

ही गोष्ट मोंढ्यात लहानथोरांना पाठ होती. तरुणपणी मामांनी पैजेवर क्विंटलची दोन पोती एकदम पाठीवर घेऊन फाटकापासून मारुतीपर्यंत नेली होती. आप्पांनी डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे शंकेला जागा नाही. लग्नात, बारशात, कुणाच्या दहाव्यालासुद्धा ती गोष्ट निघायची, आणि दरवेळी थोडी वाढायची. माझ्या आठवणीत तिच्यात एक शेळीही आली होती. वरच्या पोत्यावर उभी. मामा 'न्हाई' म्हणायचे नाहीत. मिशीत हसायचे. युनियन काढली तेव्हा लोक त्यांच्यामागं गेले, ते कलमांमुळं गेले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दोन क्विंटल उचलणारा माणूस बसला, म्हणून ते बसले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मामा आमच्याकडं आले. मायनं करंज्या पुढं ठेवल्या, त्यांनी हात लावला नाही. मला म्हणाले, "माय, एक अर्ज लिहायचाय."

मी वही घेतली. "कुनाला?"

"हमाल बंधूंना."

मी चमकले. आपल्याच माणसांना अर्ज? पण लिहिलं. मामा डोळे मिटून सांगत होते, "अर्ज की, माझ्याकडून एक गोष्ट लपवली गेली हाय..." आणि थांबले. बाहेर पोरं टिकल्या फोडत होती. मामांनी डोळे उघडले, एक करंजी उचलली, निम्मी तोडून परत ताटात ठेवली.

"फाड," म्हणाले. "हे तोंडानंच सांगावं लागंल."

पाडव्याला मोंढ्यात मुहूर्त होतो. पहिलं बीट सकाळी, आणि त्या बिटातल्या पहिल्या पोत्याला हळद-कुंकू, झेंडूची माळ. ते मानाचं पोतं मोंढ्यातल्या मानकरी हमालानं वाटेत कुठं न टेकवता दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं. मानकरी म्हणजे अर्थातच लिंबामामा. साठीला टेकले होते, तरी तेच. त्या सकाळी आम्ही सगळे गेलो होतो. माय नवं लुगडं नेसून, मी ओढणी सावरत. दादांनी कमरेला पट्टा बांधून वरून सदरा घातला होता, म्हणजे पट्टा दिसू नये. बिटाची ललकारी झाली, टाळ्या झाल्या, आणि आप्पांच्या मुनिमानं जे पोतं पुढं आणलं, ते कट्टा नव्हतं. शिगोशीग भरलेलं क्विंटलचं पोतं होतं.

आप्पा हसून म्हणाले, "मुहूर्ताचं पोतं अर्धं नस्तंय, लिंबाजी. लक्ष्मी हाय. आन् आज पाडवा हाय, बोलल्याप्रमानं आज ठरवायचंय बी. उचला, म्हंजी समद्यांलाच कळंल काय ते."

उचललं, तर कट्टा गेला. नाही उचललं, तर लिंबाजीचं संपलं. माझ्या शेजारी दादा उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

मामा पोत्यापाशी गेले. पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि पोत्यावरच बसले. मानाच्या पोत्यावर! कुणीतरी "अहो मामा" म्हणालं.

"बसू द्या जरा," मामा म्हणाले. "मला एक सांगायचंय. ती दोन क्विंटलची गोष्ट. ती निम्मीच सांगितलीय म्या तुमाला आजपर्यंत."

लोक जवळ सरकले. गोष्टीत काय वाढणार, असं बघायला.

"मारुतीपर्यंत नेली पोती. आप्पा हायतच साक्षीला. तिथून म्या गुलाल लावून, हार घालून पेडगावला बहिनीकडं गेलो. जत्रा हाय, मंग शेतीचं काम हाय म्हनून सांगितलं होतं ना तुमाला? जत्रा नव्हती, काम बी नव्हतं. दुसऱ्या दिशी सकाळी मला उठता येईना. दोन महिने बाजंवर होतो. धाकटी बहीन, गावातच दिलेली, सासुरवाशीन बाई. तिनं मला धरून बसवलं, धरून उठवलं. परसाकडं नेलं ते बी तिनंच, खांद्याला धरून. तिचा दीर हसायचा. दोन क्विंटलवाला, म्हनायचा, चला, उठा आता." मामांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून बी थंडीत डावा पाय वढतो. तुमाला वाटतंय मी रुबाबात चालतोय. तो रुबाब न्हाई. पाय हाय त्यो."

कुणी हसलं नाही. मग बशीरचाचांनी अगदी हळू विचारलं, "और बकरी?"

"शेळी नव्हती रे, बशीर. शेळी तूच घातलीस."

आणि मग जो हशा झाला! आप्पासुद्धा धोतराचा सोगा तोंडाला लावून हसत होते. त्या हशातच मामा उठले, दादांकडचा पोती ओढायचा हुक मागून घेतला, आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी टचाटच उसवली. एक रिकामा बारदाना घेतला आणि मानाच्या पोत्यातलं सोयाबीन त्यात ओतायला लागले. दाण्यांचा सरसर आवाज, पिवळी धूळ, झेंडूची माळ एका बाजूला लोंबकळलेली. मला शिंका आल्या.

"मुहूर्ताचं पोतं फोडलं की लिंबाजी!" आप्पा म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आवाजात ते नव्हतं.

मामांनी दोन्ही तोंडं शिवली. माळ तोडून निम्मी निम्मी दोन्हींवर घातली. मग आप्पांकडं वळले.

"फोडलं न्हाई, आप्पा. लक्ष्मीला जुळं झालंय. पेढे वाटा."

आप्पांनी दोन्ही कट्ट्यांवरच्या निम्म्या माळा पाहिल्या. मग ते वळून मुनिमाला म्हणाले, "बघतोस काय? पेढे आन."

एक कट्टा मामांनी खांद्यावर घेतला. दुसऱ्यापाशी बशीरचाचा गेले, उचलणार, तर थांबले. माझ्या दादांकडं बघून म्हणाले, "तू ले रे. तेरी कमर की ईद है आज." दादांनी कट्टा घेतला. दोघे शेजारी शेजारी उंबऱ्यापर्यंत गेले, मान वर करून, आणि चालताना बोलत होते. पोतं वाहताना दोन हमाल एकमेकांशी बोलत जाताना मी प्रथमच पाहिलं. काय बोलत होते, ते मी नंतर विचारलं. दादा म्हणाले, "काही न्हाई. इचारायले होते, करंज्या राह्यल्या का म्हनून."

दरवर्षीसारख्या टाळ्या झाल्या नाहीत, हेही सांगते. निम्म्या झाल्या असतील. मामांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. ज्याच्यासाठी अख्खा मोंढा ओरडायचा, त्यानं कट्टा उंबऱ्यावर ठेवला तेव्हा मागं पाहिलं, आणि लोक पेढ्यांकडं वळले होते. मला त्या वेळी वाईट वाटलं. आता वाटत नाही. पेढ्यांकडं वळायला माणसांची पाठ मोकळी होती.

कट्टा राहिला. पुढं दोन-चार जणांनी दोन उचलून पाहिले, पण मोंढ्यात नवीनच टोमणा निघाला होता. कुणी दोन कट्ट्यांना हात घातला की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "काय पाव्हनं, चाललाव का पेडगावला?" आणि तो माणूस ओशाळून एक खाली ठेवायचा. पाच नारळांनी जे झालं नाही, ते पेडगावनं केलं. दादा पुढं बारा वर्षं कामावर होते. मी बी.ए. झाले, एम.ए. झाले. निकालाच्या दिवशी मामांनी युनियनच्या फळ्यावर खडूनं माझं नाव लिहायला लावलं आणि खाली 'बी.ए.' एवढं मोठं, की नावापेक्षा तेच दिसावं. मी तक्रार केली नाही.

मागच्या रविवारी दादांना घेऊन मोंढ्यात गेले होते. नवे काटे आलेत, आकडे लाल दिव्यात दिसतात. धूळ मात्र जुनीच. युनियनच्या पत्र्याच्या खोलीसमोर ओट्यावर लिंबामामा बसलेले. वय विचारलं तर दरवेळी वेगळं सांगतात. आमच्या समोरून एक तरुण हमाल कट्टा खांद्यावर घेऊन गेला, कानात वायर, गाणं चालू. कट्टा टेकवून तो पाणी प्यायला आमच्यापाशी आला. नाव गणेश. दादांनी त्याला सहज म्हटलं, "आमच्या टायमाला क्विंटलचं होतं बरं का. एकाच मानसाच्या पाठीवर."

गणेशनं कानातली वायर काढली. "क्विंटल? एका मानसानं?"

"व्हय. आन् ह्या मामांनी तर दोन नेले होते. फाटकापासून त्या मारुतीपर्यंत."

गणेशनं मामांकडं पाहिलं. पांढऱ्या मिशा, काठी, उन्हात बारीक झालेले डोळे. मग फाटकाकडं पाहिलं, मग मारुतीकडं. आणि खो-खो हसला. "काय बाबा, सकाळी सकाळी गंडवायलाव का मला? दोन क्विंटल मानूस उचलतंय व्हय?"

दादांना राग आला. ते उठायलाच निघाले, आप्पा आता नाहीत, तर त्यांच्या मुलाला तरी साक्षीला बोलावतो म्हणून. मामांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"खोटं हाय ते, बाबा," मामा गणेशला म्हणाले. "हे लय फेकतंय. जा, तुझं काम कर."

गणेश कानात वायर घालून गेला. पुढचा कट्टा खांद्यावर घेतला आणि चालताना गुणगुणायला लागला. मामा त्याच्याकडं लांबपर्यंत बघत होते, मिशीत हसत.